लाइट गेली आणि गळती थांबली

आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. माझं दार जिन्यासमोर, आणि ते मी उघडं ठेवते. लोक म्हणतात भोचक आहे. असू दे. पण त्या वादळानंतर लाइट गेली, तेव्हा जो तो माझ्याच दारात येऊन थांबत होता, कारण कोणाकडे काय चाललंय ते फक्त मला माहीत होतं! पंखे बंद, टीव्ही बंद. वरच्या घरांत कोण जेवतंय, त्याच्या घासाघासाचा आवाज खाली येत होता.

*

माझ्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर देवरे सर राहतात. शाळेत भूगोल शिकवायचे. वादळ कोकणात धडकणार अशी बातमी आली, तर मला गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, निवांत राहा. समुद्र कुठे, नाशिक कुठे! मधे अख्खा सह्याद्री उभा आहे."

संध्याकाळी गच्चीवरचा पत्रा उडाला आणि नेमका सरांच्या गाडीवर आडवा झाला. तारा तुटल्या, खांब वाकला, कॉलनी काळी पडली.

मी विचारलं, "सर, सह्याद्री?"

सर पत्र्याकडे बघत म्हणाले, "घाटातून आलं असेल."

*

हसू तिथेच संपलं. कारण तिसऱ्या मजल्यावर आप्पा. मूळचे दिंडोरीचे, आयुष्यभर द्राक्षबागेत औषध फवारलं, आता फुप्फुसं थकलीत. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र लागतं. ते लाइटवर चालतं. लाइट नाही तर इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर किती वेळ पुरणार?

आप्पांचा मुलगा सिलिंडर शोधायला बाहेर पडला होता. त्याची बायको मनीषा अॅम्ब्युलन्सला फोन लावत होती. ड्रायव्हर म्हणाला, "फाट्यावर झाड आडवं पडलंय, ताई. ते हटलं की निघतो."

मी माझ्या फोनवरून वीज ऑफिसला लावला. "अहो, पेशंट आहे, मशीनवर आहे! लाइट कधी येईल?"

पलीकडून अगदी शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, नंबर लिहून घ्यायलासुद्धा मला दिसत नाहीये. इथेही अंधारच आहे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फ्रीज वितळायला लागले. मी सांगितलं, "आणा सगळं खाली, वाया घालवू नका." कोणाच्या फ्रीजमध्ये काय असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं! माझा आमरस, कोणाचे सोललेले मटार, आणि देवरे सरांकडून आइस्क्रीमचे फॅमिली पॅक.

सरांना शुगर आहे.

"विद्यार्थी येतात ना घरी," सर म्हणाले.

रिटायर होऊन किती वर्षं झाली, ते मी विचारलं नाही. मनीषाला एक वाटी दिली. ती उभ्यानेच हातात धरून राहिली, खाल्लं नाही. तिचा कान वरच होता. मशीनचा घुर्र-फुस्स आवाज जिन्यातून खाली येतोय का, एवढंच ती ऐकत होती.

*

आता देवरे सर आणि आप्पांचं सांगायला हवं. दोघांचं बोलणं बंद होतं. कारण सरांच्या बाथरूमचं छत. टपटप, टपटप. सर म्हणायचे, तुमच्या पाइपचं पाणी आहे. आप्पा म्हणायचे, "ते पाणी आमचं नाय." प्लंबर झाले, मीटिंगा झाल्या. आप्पांचं एकच, "आमचं नाय."

लाइट गेली, पंप बंद, टाकी रिकामी. दुसऱ्या दिवशी सर माझ्या दारात, चेहरा फुललेला. "वहिनी, गळायचं थांबलं! नळाला पाणी नाही तर छतालाही नाही. बघा, पाणी कोणाचं ते!"

एवढ्यात वरून टीं-टीं-टीं आवाज आला. आप्पांचा इन्व्हर्टर. बॅटरी संपत आल्याची खूण.

सरांचा चेहरा उतरला. ते तसेच वर गेले. मला वाटलं, गेले दार लावून.

*

मी मागोमाग गेले. म्हटलं, हातापाया पडू, पण सरांचा इन्व्हर्टर मागू. दार उघडंच होतं. सर बाथरूमच्या खिडकीत स्टुलावर उभे, हातात लांबलचक वायर.

"सर, मी म्हणत होते की..."

"नंतर म्हणा. आधी वरच्यांना सांगा, डक्टमध्ये दोरी सोडा."

दोरीला बांधून वायर वर गेली आणि सरांनी स्वतःच्या घरातलं बाकीचं बटन न् बटन बंद केलं. वर मात्र आप्पा हटून बसले. दम लागलेला, तरी म्हणे, "त्याच्या लाइटवर... मी नाय..."

मनीषाने प्लग बसवला. "आप्पा, गप्प बसा. बोलायलासुद्धा ऑक्सिजन लागतो!"

*

दुपार कलली. सर खाली त्यांच्या घरी, बाकी आम्ही सगळे आप्पांच्या खोलीत. अॅम्ब्युलन्स नाही, सिलिंडर नाही, आणि डक्टमधून सरांच्या इन्व्हर्टरचं टीं-टीं सुरू झालं. त्याआधी दोनदा लाइट येऊन गेली होती. दोन्ही वेळा अख्खी कॉलनी "आलीऽऽ" म्हणून ओरडली आणि पुढच्या क्षणी "गेली." आता ओरडायची कोणाची हिंमत नव्हती.

टीं-टीं. टीं-टीं.

आणि थांबलं.

मनीषाने माझा हात धरला, नखं रुतली. संपली बॅटरी! पण घुर्र-फुस्स चालूच. मशीन चालू, टीं-टीं बंद. कोणी हलेना. खोलीतलं बटन दाबून बघायचंही कोणाला सुचेना. आप्पा छताकडे बघत श्वास मोजल्यासारखे पडलेले.

लाइट आली की टाकी भरावी म्हणून खाली पंपाचं बटन आम्ही मुद्दाम चालूच ठेवलं होतं, हे त्या वेळी कोणाच्या लक्षातच नव्हतं.

बराच वेळ गेला. मग डक्टमधून देवरे सरांचा आवाज आला. शाळेत मैदानावर द्यायचे तसा, मोठ्ठा, आणि मधेच फुटलेला.

"आप्पाऽऽ! गळायला लागलं होऽऽ!"

आप्पा कोपरावर उठले. मनीषा नको नको म्हणत असताना नळी बाजूला केली, आणि होता नव्हता तेवढा दम काढून खिडकीकडे ओरडले,

"मंग! आमचंच हाय ते!"