घुंगरांच्या पिशवीतल्या गोळ्या

टाकव्याच्या नथू आबांचा एकच हेका: शर्यतीत बैल पळेल तो खुराकावर, सुईवर न्हाई. दोन वर्षांपूर्वी यात्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीत त्यांनी एका बैलाचे तांबारलेले डोळे बघितले, सुई टोचलीय हे ओळखलं आणि पंचांना सांगून गाडाच बाद करायला लावला. गाडा कोणाचा? सख्ख्या मेव्हण्याचा, माऊलीचा. तेव्हापासून माऊली आबांशी बोलत नव्हता. आबांना त्याचं काही नाही. खरं ते खरं!

तर असा हा माणूस माघात तांदळाचं पोतं उचलायला गेला आणि मणक्यातली गादी सरकली. डावा पाय फरफटायला लागला. तळेगावात ऑपरेशन झालं, दबलेली नस मोकळी झाली. तिची सूज उतरावी म्हणून डॉक्टर इरावतीबाईंनी गोळ्या दिल्या. दिवसाला चार, मग तीन, मग दोन, अशा उतरत उतरत बंद करायच्या. मनानं मधेच सोडायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. आबांनी मान डोलावली, पण लक्ष सगळं चैत्रातल्या यात्रेकडे. आपल्या पायांवर उभं राहून आपल्या बैलाला, बावऱ्याला, गाड्याला जुंपायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

गोळ्यांनी कमाल केली. पंधरवड्यात आबा काठी न घेता गोठ्यापर्यंत जायला लागले. भूक तर अशी की चार भाकरी संपवून पाचवीसाठी ताट पुढं. आणि दिवसभर अखंड बडबड. ऑपरेशन पाठीचं केलं का जिभेचं, असं त्यांची बायको झुंबरबाई शेजारणीला विचारायची.

मग एका दुपारी पोरगा संदेश मोबाइलवर गोळीचं नाव शोधत बसला आणि सहज बोलून गेला की हे तर स्टेरॉइड आहे. झालं! बैल बाद करताना पंचांच्या तोंडी हेच नाव असायचं. आबांची बडबड तिथल्या तिथं थांबली.

त्या दिवसापासून गोळी जिभेखाली धरायची आणि झुंबरबाईची पाठ फिरली की खुंटीवरच्या बैलाच्या घुंगरांच्या पिशवीत टाकायची, हा उद्योग सुरू झाला. पाचव्या दिवशी आबा अंथरुणातून उठेनात. अंगात त्राण नाही, पोटात मळमळ, पाय पुन्हा जड. त्याच सकाळी झुंबरबाईनं यात्रेसाठी घुंगरं घासायला काढली, तर आधी गोळ्याच घरंगळल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांना फोन लावला, त्या म्हणाल्या आत्ताच्या आत्ता घेऊन या. संदेश गाडी आणायला पळाला. आबा मात्र अडून बसले.

"जल्मभर बैलाला दिलं न्हाई, ते मी खाऊ व्हय?"

झुंबरबाई त्यांच्या उशाशी बसली. "बावऱ्याचा खांदा सुजला, तवा जनावराच्या डाक्टरानं चार दिस सुया दिल्या. तुमीच त्याचं डोकं धरून बसलावता. ती लबाडी व्हती का?"

"ते दुखण्यापायी. अन त्या साली पळवला न्हाई मी त्याला."

"मग तुमीबी आवंदा पळू नका."

आबांनी भिंतीकडं तोंड केलं. डोळे भरून आले. यात्रा हातची गेली होती, आणि ती त्यांच्याच कायद्यानं. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा मात्र त्यांनी संदेशच्या खांद्यावर हात टाकला.

इरावतीबाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि चांगलं फैलावर घेतलं. यात्रा उजाडली तेव्हा दिवसाला अर्धी गोळी राहिली होती. आबा चालत, कोणाचा हात न धरता, शर्यतीच्या घाटावर, गाडे पळतात त्या धावपट्टीपाशी, आले आणि मांडवात खुर्चीवर बसले. भोंग्यावरून नाव पुकारलं: मानाचे गाडामालक नथू आबा, बैल जुंपायला या. लोकांनी वाट करून दिली.

आबांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. मग ते पंचांकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "माझं औषध चालू हाय. नथू आवंदा बाद."

माणसं हसली. खाली संदेशनं बावऱ्याला जुंपलं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला माऊली बसला होता. तो उठला, आपली खुर्ची ओढत आबांच्या शेजारी आणली आणि बसला.

"पाय कसा हाय, दाजी?" त्यानं विचारलं.