उधाणाची तारीख

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि तसं माझ्या पोटात काही राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला सांगते. वेळ आहे ना?

मी अलिबागच्या कोर्टात सरकारी वकील होते. कामं सगळी सरकारी जमिनींची. कोणी खाडीत भराव टाकला, कोणी बंगल्याचं कुंपण हळूच समुद्राकडे सरकवलं — अशांच्या मी हात धुऊन मागे लागायचे. बऱ्याच जमिनी सोडवल्या. अभिमान आहे मला, खोटं कशाला बोलू? आता निवृत्त झालेय. सकाळचा चहा नवरा करतो, गुडघे अजून साथ देतात. मजेत आहे मी. रडगाणं गायला बसलेली नाही.

पण हिरूबाईची केस...

हिरूबाई आगरदांड्याच्या अलीकडच्या एका गावातली शेतकरीण. नवरा गेलेला. खाडीला लागून दीड एकर भातशेती, मध्ये फक्त मातीचा बांध. सरकारचं म्हणणं — म्हणजे माझंच — की हे शेत नाहीच. भरतीचं पाणी येतं, म्हणजे खाजण, म्हणजे सरकारचं. कागद दोन्हीकडे अर्धवट. म्हणून कोर्टाने कमिशनर नेमले : जागेवर जा, दिसेल ते लिहून आणा. कमिशनर घाटावरचे, साधे गृहस्थ, कोकणात नवे. मलाच विचारलं, "मॅडम, तारीख कुठली ठेवू?"

मी कॅलेंडर पाहिलं. माझं माहेर खारजमिनीवरचं. भरती-ओहोटी आम्ही तिथीवरून सांगतो. त्या वर्षी हिरूबाईचा बांध एका जागी फुटून खांड पडली होती, हे मला फाइलमधून कळलेलं. अष्टमीला त्या खांडीतून थेंब आत येत नाही. अमावस्येच्या उधाणाला, मोठ्या भरतीला, मात्र पाणी आत शिरतं. मी अमावस्येनंतरचा दिवस दिला. दुपारी साडेबारा.

इथपर्यंत वकिली डाव म्हणा हवं तर. पण मी तिथे थांबले का?

गेलो तर शेतात गुडघाभर पाणी. हिरूबाईचा वकील फिरकलाच नव्हता. ती एकटी बांधावर. "आज उधान हाय सायेब. आठ दिसांनी या, मंग बगा शेत." कमिशनर लिहीत राहिले. तेव्हा ती पाण्यात उतरली, वाकली, आणि मूठभर धसकटं उपटून घेऊन आली — कापणीनंतर उरलेले भाताचे बुडखे. चिखल ठिबकत होता. कमिशनर माझ्याकडे वळले. हे काय आहे? तीही माझ्याकडेच बघत होती. "बाय, तू तरी सांग यांना."

मलाच का? माझ्या बोलण्यावरून ओळखलं असेल, मी खारातलीच. असल्या धसकटांवरून मी लहानपणी अनवाणी चाललेय. डोळे मिटून ओळखली असती.

मी म्हणाले, "खाजणातलं गवत आहे."

झालं. एवढंच. हिरूबाई धसकटं हातात तशीच धरून उभी राहिली. अहवालात आलं, लागवडीची खूण नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. ऑफिसात पेढे वाटले, मी दोन खाल्ले. तिला अपील झेपलं नाही. ती खांड सरकारने कधी बुजवली नाही, आणि समुद्राने शेत खाऊन टाकलं.

माझ्यावर कोणाचा दबाव होता? नव्हता. बढती अडली होती? तीही नाही. मला जिंकायची सवय होती.

मागच्या वर्षी मुरूडला एका किराणा दुकानात गेले, तर पुढे हिरूबाई. पाच किलो तांदूळ मागत होती. शेत जाईपर्यंत जिने कधी तांदूळ विकत आणला नव्हता, ती दाणे तळहातावर घेऊन परत परत बघत होती. मग वळली. मला लगेच ओळखलं. वाटलं, आता चारचौघांत माझी लाज काढणार.

ती बाजूला सरकली. दुकानदाराला म्हणाली, "आदी या बायला दे. तिला लांब जायाचं हाय."

मी माझं सामान घेतलं. पिशवी उचलली आणि तिच्यासमोरून निघून आले.