ठिपक्याचं माप

"ठिपका दूर सरकला, मॅडम," नसरीन म्हणाली. तिची पीएचडीची तीन वर्षं त्या एका ठिपक्यावर उभी होती.

मी अकोल्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ब्राऊन ड्वार्फ म्हणजे तारा होता होता राहून गेलेला मंद गोळा. अशा गोळ्यांना सोबती असतात का, ते आम्ही दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंत शोधायचो. एका गोळ्याशेजारी आम्हाला ठिपका सापडला. तो खरा सोबती असेल तर वर्षभरात दोघं जोडीनं सरकणार, मधलं अंतर तेवढंच राहणार. आमचं वाढलं होतं. म्हणजे मागचा, दूरवरचा कुठला तरी तारा.

वेधशाळेतल्या साहेबांना फोन लावला.

"सोडून द्या. पाचपर्यंत काय ते कळवा, नाहीतर तुमची दुर्बिणीवरची वेळ दुसऱ्यांना देतो."

"अहो, पाच वाजू तर द्या," मी म्हटलं आणि फोन आपटला. राग खरं तर माझाच मला आला होता.

तेवढ्यात नसरीनचे वडील डबा घेऊन आले. रहीमभाई, बार्शीटाकळीचे टेलर. कापसाचा भाव पडल्यापासून कोणी नवे कपडे शिवत नव्हतं, म्हणून लेकीचा डबा ते स्वतःच आणत. पोरीचं तोंड पाहून त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग खिशातून टेप काढून दोन्ही वर्षांच्या प्रिंटांवर वाकले.

"हे बाकीचे तारे?"

"लई दूरचे, मास्टर," मी म्हटलं. "वर्षभरात हलत नाहीत."

बराच वेळ ते मोजत राहिले. "मंग मॅडम, याइच्यातलं बी अंतर कावून वाढलं? एकटी बाही वाढली त शिवणाऱ्याची चूक. साराच सदरा वाढला त माप घेणाऱ्याची."

मी पुन्हा फोन उचलला. "साहेब, यंदा कॅमेरा बदलला का?"

"हो. कळवलं नव्हतं का कोणी?"

नव्हतं. नव्या कॅमेऱ्यात तेवढंच आकाश मोठं दिसायचं, आणि आम्ही जुन्याच मापानं मोजत होतो. चारला लाईट जायची. नसरीननं धडाधड आकडे नव्यानं काढले. अंतर तेवढंच. ठिपका गोळ्यासोबतच चालला होता.

पोरगी रडायला लागली, रहीमभाई घाबरले, आणि मला इतका आनंद झाला की मी तिच्याच डब्यातली भाकर खायला बसले. वेळ आम्हालाच मिळाली. नसरीन डॉक्टर झाली.

आम्ही दोघी शिकलेल्या बाया, जीव अडकलेला ठिपका तेवढा मोजत बसलो. ज्यात जीव अडकलेला नाही, ते आधी मोजावं.