चार्टबाईंची रजा

बस डेपोत गोड बोलायची पद्धत नसते, आणि चार्टबाईंना गोड ऐकायची सवयही नव्हती. त्यांच्या खिडकीला लोखंडी जाळी, जाळीखाली वीतभर फट. त्या फटीतून दिवसभर शिव्या आत यायच्या आणि ड्यूटीच्या चिठ्ठ्या बाहेर जायच्या. ब्याण्णव ड्रायव्हर, तेवढेच कंडक्टर, चौसष्ट गाड्या. कुणी कुठली गाडी किती वाजता काढायची, कुणाच्या जोडीला कोण, कुणाची सुट्टी कधी, हे सगळं टेबलाएवढ्या कागदावर पेन्सिलीनं मांडायचं. त्याला म्हणायचं चार्ट, आणि तो मांडणाऱ्या त्या चार्टबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथंच राहिलं.

अकरा वर्षं हे काम त्यांनी एकटीनं केलं आणि कुणाला शिकवलं नाही. हा त्यांचा माज होता, उगाच झाकून कशाला ठेवा? नावांच्या कोपऱ्यात त्या बारीक खुणा करत. टिंब म्हणजे याला चढाच्या रस्त्याला पाठवू नका, चक्कर येते. फुली म्हणजे या दोघांना एका गाडीवर घालू नका, मेहुणे आहेत आणि कोर्टात भांडताहेत. तिरकी रेघ म्हणजे याची बायको आजारी आहे, लांबची ड्यूटी नको. अशा वीसेक खुणा, आणि त्यांचा अर्थ फक्त बाईंच्या डोक्यात. "मी नसले तर या डेपोतून एक चाक हलायचं नाही," असं त्या नवऱ्याला सांगत. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो "बरं" म्हणायचा. बाईंशी वाद घालायला डेपोत एकशे चौऱ्याऐंशी माणसं होती, घरात आणखी एकाची गरज नव्हती.

मग एका सकाळी चार्टवर एक केस पडलेला दिसला. बाईंनी फुंकर मारली, हलेना. नखानं खरवडला, निघेना. शेवटी खोडरबर घेऊन खसाखसा घासला. केस जागच्या जागी, पण खालचं सत्तावीस नंबरच्या ड्यूटीचं नाव पुसलं गेलं, आणि ते बाईंना कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी सत्तावीस नंबरची गाडी डेपोतच उभी, थांब्यावर साठ माणसं बोंबलताहेत, आणि त्या ड्यूटीचा मिशीवाला ड्रायव्हर जाळीला तोंड लावून ओरडतोय, "बाई, मी मेलो का काय? नावच खोडलंत माझं!" बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, तर तो केस त्याच्या गालावर.

नवऱ्यानं त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर बाई होत्या आणि तोंडाच्या फटकळ. "डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलंय. रक्तदाब दोनशे दहा. किती दिवसांपासून डोकं दुखतंय?"

"डोकं तर रोजच दुखतं," बाई म्हणाल्या. त्यांना वाटत होतं सगळ्यांचंच दुखतं.

"सहा आठवडे रजा. इंजेक्शनं मी देईन, गोळ्या तुम्ही घ्यायच्या, आणि कामाचं नाव काढायचं नाही. पुन्हा रक्त उतरलं तर उजवा डोळा गेला म्हणून समजा. आणि डावा काही वेगळ्या मातीचा नाही."

बाई अर्ज घेऊन डेपोच्या साहेबांकडे गेल्या. "सहा आठवडे?" साहेब म्हणाले, बाईंनी त्यांचा बंगला मागितल्यासारखे. "मग चार्ट?" डोळ्याबद्दल चकार शब्द नाही. "अर्ज ठेवून जा. बघतो."

बघतो म्हणजे काय ते नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. बाई घरी बसल्या, अर्ज टेबलावर पडून राहिला आणि फोन मात्र दुसऱ्या दिवशीच सुरू झाले. "बाई, एकच मिनिट. या टिंबाचा अर्थ काय?" दहा मिनिटांनी पुन्हा, "बाई, एकच मिनिट." मिशीवालाही करायचा: "आठ दिवस लांबची ड्यूटी लागलीय मला. तुम्ही मजेत झोपा!" आणि बाई काय करत? उत्तरं देत. चिडून, दातओठ खाऊन, पण देत. फोन ठेवला की त्यांच्या तोंडावर जो तजेला यायचा, तो नवऱ्याला बघवत नसे.

त्यात नणंद येऊन बसली. "दिसायला तर ठणठणीत दिसतेस की गं! आम्ही तापात सुद्धा कामं ओढली. आता जरा खुट्ट झालं की रजा." बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही ओढलीत म्हणूनच गुडघे गेले तुमचे." ताई उठून गेल्या. डेपोतली जीभ काही रजेवर गेली नव्हती.

दुसऱ्या तपासणीला रक्तदाब एकशे नव्वद निघाला आणि पडद्यावर नवं रक्त. वर्तमानपत्र समोर धरलं तर उजव्या डोळ्याला ओळीच्या मधली अक्षरं दिसेनात, तिथं नुसता राखाडी धब्बा. डॉक्टरांनी तोंडाचा पट्टा सोडला: "गोळ्या घेताय, मग हे कशानं? कोण छळतंय तुम्हाला?" बाई पिशवी आवरायला लागल्या. नवरा म्हणाला, "फोन." डॉक्टर म्हणाल्या, "मधलं गेलं ते बहुतेक परत येणार नाही. उरलंय तेवढं सांभाळा."

घरी आल्यावर बाई रडल्या. अकरा वर्षांत रडल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना ते नीट जमतही नव्हतं. दुसऱ्या सकाळपासून नवरा त्यांचा फोन दुकानात घेऊन जाऊ लागला. फोन वाजला की म्हणायचा, "त्या नाहीत." साहेब विचारायचे, "कुठं गेल्यात?" हा म्हणायचा, "रजेवर." आणि काच घासायला लागायचा.

चौथ्या दिवशी साहेब स्वतःच घरी आले. एका हातात बिस्किटांचा पुडा, काखेत चार्टची गुंडाळी. बसा म्हणायच्या आत बसले आणि गुंडाळी सरळ बाईंच्या अंथरुणावर पसरली. "एवढा आठवडा लावून द्या. हवं तर पडल्या-पडल्या करा. मग मी आजच अर्जावर सही करतो की नाही बघा."

ऐकलंत? रजा पाहिजे तर आधी काम करा. वर हा माणूस उपकार केल्यासारखा हसत होता.

"साहेब," बाई म्हणाल्या, "माझ्या उजव्या डोळ्याच्या मधलं सगळं गेलंय. तुमच्या फोननं गेलंय आणि माझ्या मूर्खपणानं गेलंय."

"तब्येतीचं काय, वर-खाली होतच असतं. गाड्या थांबून चालतं का?"

"नाही ना चालत? मग पेन काढा. खुणांचा अर्थ सांगते, एकदाच. लिहून घ्या आणि चालते व्हा. चार्टला हात लावणार नाही."

साहेबांनी वीसच्या वीस खुणा लिहून घेतल्या. चहाला कुणी विचारलं नाही. बिस्किटांचा पुडा नवऱ्यानं जिन्यापर्यंत जाऊन त्यांच्या हातात परत दिला.

याची परतफेड म्हणून आठवड्याभरानं पत्र आलं: रजा मंजूर नसताना गैरहजर आहात, कागदपत्रं घेऊन समक्ष भेटा, नाहीतर कारवाई. रजेचा तेहतिसावा दिवस होता. रक्तदाब एकशे चाळीसवर आला होता. नवरा म्हणाला, "मी येतो." बाई म्हणाल्या, "नको. आता मला राग आवरता येतो." तसा तो आवरता येत नव्हता, पण गोळी घेऊन त्या निघाल्या.

बाई डेपोच्या दारात पोचल्या. आत काय गोंधळ माजला असेल, कोण कुणाच्या उरावर बसलं असेल, याची चित्रं त्या रस्ताभर रंगवत आल्या होत्या. कसला गोंधळ! गाड्या वेळेवर सुटत होत्या. मिशीवाला गाडीला टेकून चहा पीत होता, त्यानं नुसती मान हलवली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? आणि जाळीमागे, त्यांच्या टेबलाभोवती, तीन माणसं बसली होती. एकजण ड्रायव्हरांची नावं लावत होता, एकजण कंडक्टरांची, आणि तिसरी बाई सुट्ट्यांचा तक्ता घेऊन फोनवर बोलत होती.

साहेबांच्या खोलीत जाऊन बाईंनी कागद टेबलावर ठेवले. "तीन माणसं?" त्यांनी विचारलं.

साहेब कागद चाळत होते. "मग काय करणार? वर लिहून मागून घेतली. एका माणसाचं काम नाही हो ते."

सहज म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, काही नव्हतं, हवापाण्याबद्दल बोलावं तसे बोलले.

"अकरा वर्षं मी एकटी करत होते."

"तुम्ही कधी बोललाच नाहीत," साहेब म्हणाले.

ते खोटं नव्हतं. बोलल्या नव्हत्या त्या. उलट छाती काढून मिरवलं होतं. या माणसाला फाडून खावं असं वाटलं, आणि त्याच दमात स्वतःचं थोबाड फोडावं असंही.

"अर्जावर सही करा," त्या म्हणाल्या.

आता तीन माणसं हाताशी होती, अडवून धरण्यात साहेबांचा काही फायदा नव्हता. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'मंजूर' लिहिलं, सही केली. तेहतीस दिवस अडलेल्या कामाला पाच सेकंदही लागले नाहीत.

"त्याखाली आणखी एक ओळ लिहा," बाई म्हणाल्या. "आत्ता बोललात ती. हे एका माणसाचं काम नाही."

साहेबांनी मान वर केली. "ते कशाला? तसं लिहिता येत नाही."

"डॉक्टरांनी विचारलं होतं, डोळा कशानं गेला. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही."

"बाई, तुम्ही आता घरी जा. मला मीटिंग आहे."

बाईंनी समोरची खुर्ची ओढली, पिशवी मांडीवर घेतली आणि बसल्या.

"जा तुम्ही मीटिंगला. माझी नऊ दिवसांची रजा बाकी आहे, आत्ताच मंजूर केलीत. मी इथंच बसते."