मनगटाचं निळं

उत्तम साळवेची उंची पाच फूट पाच इंच होती, आणि त्यातला अर्धा इंच बुटाच्या टाचेचा आहे हे तो स्वतःच कबूल करायचा. असा माणूस दहा फुटांवरच्या लोखंडी रिंगेकडे रोज संध्याकाळी डोळे बारीक करून बघायचा, बाजारात बैल पारखणारा बघतो तसा. मग उजव्या हाताची बोटं एका डबीत बुडवायचा, धावत यायचा, उडायचा आणि पाय जमिनीला लागायच्या आत मला विचारायचा, "शिवलं का, दादा?"

डबीत निळं असायचं. आम्ही दोघं वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. तो फिटर, मी तपासनीस. लोखंडाचे दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का हे बघायचं, तर एकाला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, दुसऱ्यावर टेकवायचा आणि उचलून बघायचं. निळं उमटलं तिथं शिवलं, नाही उमटलं तिथं पोकळ. उत्तमने हीच रीत कंपनीच्या बास्केटबॉलच्या मैदानावर आणली. त्याची उडी झाली की मी स्टूलावर चढायचो, न्यायाधीशासारखा खाकरायचो आणि रिंगेवरचा डाग बघून निकाल द्यायचो. माझ्या थापा त्याला माहीत होत्या, म्हणून नंतर तो स्वतः स्टूलावर चढून खात्री करायचा. "तोंड खोटं बोलंल, दादा," म्हणायचा, "निळं नाय बोलत."

हा खटाटोप हौसेचा नव्हता. उत्तम टेम्पररी होता, सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर घेतलेला. कंपनीच्या बास्केटबॉल टीममधली पोरं मात्र पक्की होत. एकदा त्याने सगळ्यांसमोर पर्सोनेलच्या साहेबांना विचारलं, मला घेता का टीममध्ये? साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बघायला फार वेळ लागला नाही. म्हणाले, वरून चेंडू रिंगेत कोंबून दाखव, दुसऱ्या दिवशी टीममध्ये. सगळे हसले. उत्तम हसला नाही. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, याला म्हणतात काय? मी सांगितलं, डंक. त्याने ऐकलं, डंख.

"बराबर हाय," तो म्हणाला. "विंचू बुटकाच असतो, दादा. पण डंख वरून मारतो."

हे वाक्य मी कँटीनमध्ये महिनोन्महिने विकलं. एक हात कमरेमागून डोक्यावर आणून मी असा काही विंचू करायचो की लोकांच्या हातातला चहा सांडायचा. उत्तमही हसायचा. त्याच्याशी माझी दोस्ती होती, आणि त्याचा तमाशा करण्याचा हक्क मला त्या दोस्तीतूनच मिळाला आहे, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या वर्षी त्याने नुसती जाळी शिवली. मग रिंग. मग हातात लिंबू घेऊन, मग टेनिसचा चेंडू, मग नारळ. नारळ एकदा खरोखर रिंगेतून खाली आला आणि सिमेंटवर फुटला. आम्ही तो तिथंच खाल्ला. मोठा चेंडू मात्र त्याच्या लहानशा पंजात मावेना. शेवटी तो तळवा आणि मनगट यांच्यात चेपून धरायला शिकला. धावण्याची सात पावलं त्याने खडूने आखली होती आणि सातवं फसलं की पुन्हा पहिल्यापासून. दमून बसला की अंतर मोजायचा. इंचात नाही, बोटात. "लई नाय आता. दोन बोटं राहिली." नुसती बोटं लागून भागत नाही, मनगट रिंगेच्या वर गेलं पाहिजे, हे मीच त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, मग ज्या दिवशी मनगटाला निळं लावीन, त्या दिवशी तुम्ही साक्षीला पाहिजेत.

त्याच सुमारास नामांतराचं वातावरण पुन्हा तापलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावर माणसं विभागली गेली. क्रांती चौकातून निघणाऱ्या आमच्या शिफ्टच्या बसमध्ये कुणी न सांगता बाकं वेगळी झाली. मी जमीनजुमल्याच्या घरातला. मी कुठल्या बाकावर बसायचं हे मला न विचारताच ठरलं. उत्तम चितेगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या, गावाबाहेरच्या वस्तीतला. त्याच्या घरात शिरताच समोर बाबासाहेबांची तसबीर होती. या विषयावर तो माझ्याशी एकदाच बोलला. "एक नाव द्यायला इतकी वर्षं लागायलीत, दादा. त्या मानानं माझं बरं. दोनच बोटं."

एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या दुपारी या. मनगटाला लावतो." मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. घरी पाहुणे आले, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. खरं असं की त्याच संध्याकाळी बसमध्ये कुणीतरी हसत विचारलं होतं, रोज त्याच्यासंगं असता, तुम्ही बी निळे झाले का? ते मला लागलं होतं.

सोमवारी तक्रार आली. मैदानावरची रिंग कुणीतरी निळी केली आहे, असल्या दिवसांत, मुद्दाम. साहेब तडक कँटीनमध्ये आले आणि मला विचारलं, हा काय प्रकार आहे? एक वाक्य पुरलं असतं: साहेब, ते टूलरूमचं निळं आहे, आम्ही त्याने उडी मोजतो. पण वीस चेहरे माझ्याकडे वळले होते, आणि वीस चेहऱ्यांसमोर मला सरळ बोलता कधी आलेलं नाही.

"काही नाही साहेब," मी म्हणालो, "आपल्या उत्तमने रिंगेला शिवलं, एवढंच."

शब्द त्याचाच होता. त्याच्या तोंडून मी तो हजार वेळा ऐकला होता. माझ्या तोंडात तो माझ्या आजोबांचा झाला. कँटीन हसून लोळलं. साहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, मग धुऊन घ्या, तुम्हीच.

उत्तम दारात ताट घेऊन उभा होता. त्याने ताट होतं तिथं परत ठेवलं, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काल तुम्ही आले नाय, साहेब."

तोवर मी दादा होतो.

महिनाअखेरीला त्याची मुदत संपली. ती वाढवली गेली नाही आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही. मला तो पुन्हा भेटला नाही. पण ते नंतरचं. त्या सोमवारी दुपारी मी शिडी लावून, थिनरचा बोळा घेऊन वर चढलो. रिंगेच्या खालच्या अंगाला बोटांचे डाग होते. ते सगळे माझ्या ओळखीचे. वरच्या अंगाला, जिथं खालून कुणाचं बोट पोचत नाही, तिथं एक रुंद पट्टा उमटला होता. हे निळं लवकर वाळत नाही. त्या ओल्या पट्ट्यात केसांच्या बारीक बारीक रेघा होत्या. बोटांच्या टोकांना केस नसतात.

खाली साहेब उभे होते. आदल्या दुपारी त्या मैदानावर कुणीही नसताना काय घडलं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक शिडीवर होता. शब्दही तोच पुरला असता. शिवलं.

"निघालं का?" साहेबांनी खालून विचारलं.

मी बोळा फिरवला आणि म्हणालो, "निघालं."