परत आलेला फोटो

आमच्या ह्यांचं फोटोचं दुकान आहे. चौतीस वर्षं ह्यांनी लोकांना एकच गोष्ट सांगितली: इकडे बघा, हलू नका. गल्लीतली पोरं ह्यांना 'हलू नका काका' म्हणतात आणि ह्यांना ते आवडतं, वरवर रागावल्याचं दाखवतात एवढंच. नाकावर राग, स्वभाव हट्टी, कुणाचं ऐकून घेणं नाही. माझंही नाही, आणि मी तर ह्यांच्याच दुकानात गल्ल्याशेजारी बसून फोटो कापते. ओळखपत्राचे फोटो हा आमचा मुख्य धंदा. आपल्या दुकानातून गेलेला फोटो कुठल्याही कचेरीने कधी परत पाठवला नाही, असं रोज एकदा तरी कुणाला ऐकवल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

एके दिवशी एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. दारातूनच म्हणाली, सॉरी हं, जरा वेळ लागेल. अजून काही झालंच नव्हतं. मुलीने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. बाईने सांगितलं की दोन दुकानांतून परत आलोय, मुलीच्या अपंगत्वाच्या कार्डासाठी फोटो हवाय, तोही महिनाअखेरीच्या आत. कार्ड झालं नाही तर शाळेतली जागा दुसऱ्याला जाईल. अशा मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिका असलेली ती एकच शाळा, आणि तिथे जागाही एकच उरली होती. हे म्हणाले, बसवा स्टुलावर, दोन मिनिटांचं काम.

दोन मिनिटांची चाळीस झाली. ह्यांनी टाळ्या वाजवल्या, चुटक्या वाजवल्या, लहान मुलांसाठी ठेवलेलं चूं चूं करणारं बदक काढलं. मुलगी छताकडे बघे, भिंतीकडे बघे, लेन्सकडे मात्र नाही. शेवटी हे पुढे गेले आणि सगळ्यांना करतात तेच तिला केलं. हनुवटी धरली आणि मान समोर वळवली. मुलगी अशी किंचाळली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. ती स्टुलावरून खाली, मागचा पांढरा पडदा तिच्या अंगावर, ह्यांच्या मनगटावर नखांचे तीन ओरखडे. आणि हे त्या आईला म्हणाले, घरी जरा वळण लावा मुलीला. त्या आईने मुलीला कवटाळून शांत केलं, पडदा नीट गुंडाळून जागेवर ठेवला, आम्हा दोघांना पुन्हा सॉरी म्हणाली आणि गेली. मला इतका राग आला की हातातला कुणाचातरी फोटो मी कपाळातून कापला.

गडबडीत तिची फाइल गल्ल्यावरच राहिली. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत, हे मला कळतं. मी वाचले. डॉक्टरांनी लिहिलं होतं: स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. खाली तपशील होता. मोठा आवाज आणि अचानक झालेला स्पर्श सहन होत नाही, नजरेला नजर देत नाही. मी फाइल ह्यांच्यापुढे ठेवली आणि त्या ओळीवर बोट टेकवलं. म्हटलं, आवाज तुम्ही केलात, हातही तुम्हीच लावलात, आणि वर वळण लावायला त्या आईला सांगताय. ह्यांनी ते दोनदा वाचलं. मग फाइल काखोटीला मारली, दुकान माझ्यावर टाकलं आणि कागदावरचा पत्ता शोधत निघाले. हे माफी मागणारे गृहस्थ नव्हेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वाट्याला एकही आलेली नाही. पण त्या बाईनेच मला नंतर सांगितलं. हे तिच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी, उद्या सकाळी दुकान फक्त तुमच्यासाठी उघडतो.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बापही आला. तो बस चालवतो, पाळी बदलून आला होता. आता ह्यांचं भाषण सुरू होणार असं मला वाटलं, पण ह्यांनी एवढंच विचारलं, "मी काय काय करायचं नाही, ते आधी सांगा."

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाप म्हणाला, आठ वर्षं झाली, जो भेटतो तो आम्हाला काय करा ते सांगतो. हे करून बघा, ते खायला द्या, अमक्याला दाखवा, जरा कडक व्हा. काय करू नको असं कुणी विचारलं नव्हतं.

मग फ्लॅश बंद झाला, घरघर करणारा पंखा बंद झाला, बदक कपाटात गेलं. मुलगी फिरत फिरत माझ्या टेबलाशी आली आणि फोटो कापायच्या कटरपाशी थांबली. पातं खाली आलं की खट् असा आवाज होतो, दर वेळी तस्साच, आणि तो कधी येणार ते आधी दिसतं. तिने कानांवरचे हात काढले. मी रद्दी कापत सुटले. तासभर कापली, मनगट भरून आलं. ह्यांनी पडदा तिच्या मागे आणून लावला आणि कॅमेरा मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. एका जागी, गुडघे दुखत असताना, अवाक्षर न काढता. ज्या माणसाचं तोंड झोपेतही चालू असतं, त्याला हे कसं जमलं ते मला आजही कळलेलं नाही. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्यांनी अकरा फोटो घेतले. एकात कपाळ, दोन्ही कान, जिवणी, सगळं स्वच्छ आलं होतं. चेहरा शांत. डोळे फक्त बाजूला, माझ्या हाताकडे. हे म्हणाले, हाच.

आईच्या तोंडावर भीती दिसली. आधीच्या एका दुकानवाल्याने संगणकावर समोर बघणारे डोळे चिकटवून देतो म्हटलं होतं, तसंच करून टाकू या का, असं तिने चाचरत विचारलं. ह्यांनी मान हलवली. म्हणाले, तिला स्वतःचे डोळे आहेत.

तिसऱ्या दिवशी फोटो परत आला. अर्जावर लाल शाईत शेरा होता: नजर समोर हवी. महिना संपायला चार दिवस उरले होते. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच असं घडलं होतं. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मीही दुकानाला कुलूप लावलं, कारण ह्यांचं तोंड सुटलं की आवरायला कुणीतरी लागतं. कचेरीच्या दारात ते तिघं भेटले आणि आम्ही पाचही जण रांगेत उभे राहिलो.

खिडकीतला कारकून तरुण होता. स्वभावाने वाईट नव्हता, म्हणाला, संगणकावर होतं हो, सगळे करून आणतात. ह्यांनी डॉक्टरांचा कागद पुढे सरकवला आणि ती ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावली. नजरेला नजर देत नाही, असं त्याने वाचलं.

"आता फोटो बघा," हे म्हणाले. "कागद म्हणतो तेच फोटोत दिसतंय. ज्या कारणासाठी ही माणसं कार्ड मागतायत, त्याच कारणासाठी तुम्ही ते नाकारताय. चिकटवलेले डोळे चालतात आणि तिचे चालत नाहीत?"

तेवढ्यात मागे कुणाचातरी फोन कर्कश वाजला. मुलीने कान दाबले आणि ती मोठमोठ्याने ओरडू लागली. रांगेतला एक जण म्हणाला, पोरीला बाहेर न्या. बाप सवयीने वाकलाच तिला उचलायला. आता आई सॉरी म्हणणार, हे मला ठाऊक होतं. तिने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्या माणसाकडे वळून म्हणाली, "नाही नेणार. नंबर तिचाच आहे."

मी ह्यांना आवरायला आले होते ना, मीच त्या माणसाला सुनावलं की आवाजाचा त्रास होत असेल तर बाहेर भरपूर जागा आहे, आपण जावं. मुलगी हळूहळू शांत झाली, पण आम्ही कुणी खिडकी सोडली नाही, त्यामुळे मागची रांगही हलेना. शेवटी कारकून अर्ज घेऊन आत साहेबांकडे गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा कोपऱ्यात साहेबांचा शेरा होता, वैद्यकीय कारणास्तव फोटो ग्राह्य. त्याने शिक्का शाईवर दाबला, उचलला आणि मध्येच थांबला. शेवटचा शब्द आपला असावा असं त्याला वाटलं असणार.

म्हणाला, "या वेळी करतो. पाच वर्षांनी नवं कार्ड काढायला याल, तेव्हा तरी समोर बघणारा फोटो आणा."

शिक्का अजून त्याच्या हातात होता. मुलीची शाळा त्या शिक्क्यावर अडली होती. माझ्या मनात आलं, बाई गं, आता हो म्हण आणि घरी चल. ह्यांनीसुद्धा ओठ घट्ट मिटून घेतले होते.

आई म्हणाली, "पाच वर्षांनीही ती अशीच बघेल. तोवर तुम्ही तिच्याकडे बघायला शिका."

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं, या वेळी चांगलं निरखून. आणि शिक्का मारला. जरा जोरातच मारला, पण उमटला अगदी स्वच्छ.