एक्क्याण्णव दिवस

सकाळी शाळेत आले की घंटेला हात लावण्याआधी मामा स्टाफरूममध्ये यायचे, शर्टाच्या खिशातून मोबाइल काढून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि एक पाऊल मागे सरून उभे राहायचे. "बगा सर, झाला का कोटा?" इतकंच विचारायचे. आदल्या दिवशी दहा हजार पावलं पुरी झाली का, हे मी अ‍ॅपमध्ये बघायचो, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचो आणि "झाला" म्हणायचो. मगच मामा घंटा द्यायला जायचे. घंटा मिनिटभर उशिरा व्हायची, पण मुख्याध्यापकही त्याच ग्रुपवर असल्यामुळे कोणी काही बोलत नसे.

शाळेतल्या शिपायाला मामा म्हणायची पद्धत तुमच्याही शाळेत असेल. आमचे पेणचे मामा धरमतरच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातले. लहानपण मिठागरात गेलेलं, त्यामुळे पावलं रुंद, बोटं पसरलेली. बारा महिने पायात स्लिपर. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना शाळेत तपासणी शिबिर झालं आणि मामांची साखर नको तितकी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं. मामा म्हणाले, मी बसतो तरी कधी? तेही खरंच होतं.

पण मी उत्साही माणूस. जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे आरोग्याचा मक्ता आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं. मी शिक्षकांचा चालण्याचा ग्रुप काढला, मामांनाही त्यात घेतलं, त्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं आणि रोज न चुकता दहा हजार म्हणजे साखळी, एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून, असा नियम केला. आम्ही मास्तर मंडळी आठवड्याभरात गळालो. माझी स्वतःची साखळी चौथ्या दिवशी एका हळदीच्या जेवणात तुटली. मामांची मात्र चालू राहिली.

पावलं कमी पडली की मधल्या सुट्टीत ते ध्वजस्तंभाभोवती फेऱ्या मारायचे. परीक्षेच्या दिवसांत पाणी घेऊन वर्गावर्गातून इतक्यांदा फिरायचे, की शेवटी मुलं त्यांना बघूनच नको म्हणायची. एकदा गणिताच्या सरांनी मोबाइल नुसता हलवला तरी आकडा वाढतो हे त्यांना दाखवलं. मामांनी गंमत म्हणून हलवून पाहिला आणि लगेच काळजीत पडून माझ्याकडे आले. "यातली पन्नास काढा सर, ती खोटी हायत." काढता येत नाहीत म्हटल्यावर त्या दिवशी ते दहा हजारांच्या वर पन्नास पावलं मोजून चालले. आम्ही पोट धरून हसलो. आता आठवतं तेव्हा हसू येत नाही.

पन्नास दिवस पुरे झाले तेव्हा मामांना चालायचे बूट द्यायचे ठरलं. सगळ्यांनी वाटा उचलला आणि आणायचं काम मी अंगावर घेतलं. त्यांना आधी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून स्टाफरूमच्या दाराशी काढून ठेवलेली त्यांची स्लिपर उलटी करून मी नंबर वाचला. आठ. त्या स्लिपरमधून त्यांची बोटं पुढे आणि बाजूने केवढी बाहेर यायची, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. पण नंबर आठ होता, मी आठ नंबरचे निळे बूट आणले. समारंभ झाला, फोटो काढला, मी तो फेसबुकवर टाकला. मुंबईला गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी भराभर लिहिलं, मामा जिंदाबाद. मामा ते सगळं मला परत परत वाचून दाखवायला सांगायचे.

त्यानंतर मामा स्लिपर घालून चालताना कधी दिसले नाहीत. गावातून सायकलने यायचे, सायकल रामवाडीत एका ओळखीच्या दुकानाशी लावायचे, तिथे बूट चढवायचे आणि हायवेच्या कडेने लांबचा वळसा घालून शाळेत यायचे.

पंच्याऐंशीव्या दिवसाच्या आसपास ते उजवा पाय जरा ओढायला लागले. मोज्याला ओल दिसली म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, चामडी जराशी निघाली असेल, पण दुखत नाय बिलकूल. दुखत नाही हे ऐकून मला बरं वाटलं. साखरेने पायातली जाणीव जाते, जखम झाली तरी माणसाला पत्ता लागत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. तरी मी मोजा काढायला लावला नाही. उलट त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, मामा, आता शंभर दूर नाही, साखळी तोडू नका.

ब्याण्णवाव्या दिवशी मामा आले नाहीत. अंगात ताप भरून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. आधी अंगठा गेला, मग पंधरा दिवसांत गुडघ्याखालचा पाय गेला. नोकरी तिथेच संपली. बायको आधीच वारलेली, म्हणून लेक त्यांना रोह्याला आपल्या घरी घेऊन गेली.

मी रोह्याला गेलो तो चार महिन्यांनी. एसटीत पूर्ण रस्ता काय बोलायचं ते जुळवत होतो. मामा खिडकीजवळ खाटेवर बसले होते. लेकीने बिनसाखरेचा चहा आणून दिला आणि ती आत गेली. मामांनी शाळेची, मुख्याध्यापकांची, अगदी गणिताच्या सरांचीही चौकशी केली. शेवटी मीच विचारलं, बूट लहान होते ना?

"व्हय. पयल्याच दिवशी कळला मना," ते म्हणाले. "आतला तळ काढून टाकला, मंग शिरायचा पाय."

"मग बोलला का नाहीत, मामा? बदलून आणले असते."

"तुमी आनलेला, फोटू काढलेला. कसा सांगू? आन दुखला असता तं बोललो असतो. दुखलाच नाय." मग त्यांनी विचारलं, "किती झालं व्हतं, सर, आपलं?"

मी म्हटलं, एक्क्याण्णव.

"नऊच ऱ्हायलं," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

माफ करा, हे दोन शब्द म्हणायला मी तिथवर गेलो होतो. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. काळजी घ्या म्हणालो, पुन्हा येतो म्हणालो. पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते, त्याच्या पुढच्या रविवारी एक लग्न होतं. असे बरेच रविवार गेले आणि एका सकाळी लेकीचा फोन आला, बाबा गेले.

श्रद्धांजलीच्या पोस्टसाठी त्यांचा एखादा चांगला फोटो हवा होता, म्हणून मी ग्रुप मागे सरकवत गेलो. बूट देण्याच्या तीन आठवडे आधी मीच पुढे ढकललेला एक मेसेज सापडला. साखर असलेल्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी. रोज तळवे तपासा. घट्ट बूट घालू नका. दुखत नसलं तरी जखम दाखवा. असे मेसेज मी सकाळच्या चहाबरोबर चार-पाच ढकलायचो, शीर्षक बघून. बाकी कोणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. खाली एकच उत्तर होतं, मामांचं. जोडलेले दोन हात.

तो मेसेज मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.